पहिल्याच ओळीला ठेच

"मी, पांडुरंग सांगवीकर, आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे."

ह्या वाक्यातून 'उदाहरणार्थ' काढून टाका आणि मग वाचा. काय उरलं? नाव आणि वय. कुठल्याही फॉर्मवर भरतो तसं. पण तो एक शब्द परत जागेवर ठेवला की वाक्य एकदम बोलायला लागतं, कारण वय ही काय उदाहरण द्यायची गोष्ट आहे का? माणूस पंचवीसचा असतो किंवा नसतो. हा मुलगा मात्र म्हणतोय की मी उदाहरणार्थ पंचवीसचा आहे, म्हणजे मी दुसरा कोणीही, कितीही वर्षांचा असू शकलो असतो, हे जे काय आयुष्य आहे ते नमुन्यादाखल धरा, फार मनावर घेऊ नका. आणि हे सगळं तो कुठे म्हणत नाही, एक चुकीच्या जागी ठेवलेला शब्द म्हणतो. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली, आणि त्यानंतरच्या कितीतरी कॉलेजवयीन मुलामुलींना 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ची अशी काही लागण झाली की विचारू नका. कादंबरी पूर्ण न वाचलेल्यांनासुद्धा झाली, हे विशेष.

मला पहिल्या ओळी जमवायचा नाद आहे. म्हणजे वही वगैरे काही नाही, डोक्यातच असतात. पुस्तकाच्या दुकानात उभं राहून दहा पुस्तकांच्या फक्त पहिल्या ओळी वाचायच्या आणि एकही न घेता बाहेर पडायचं हे मी अजिबात लाज न वाटता करते. आणि ह्या नादातून माझं एक मत झालंय, ते असं की लक्षात राहणारी पहिली ओळ ही त्यात काय घडलं ह्यामुळे राहतच नाही, त्यात भाषेने कुठेतरी वाकडं पाऊल टाकलेलं असतं म्हणून राहते. आपण सरळ चाललेलो असतो, आणि अचानक ठेच. मग थांबतो, मागे वळून बघतो की अरे, कशाला अडखळलो आपण? तेवढ्यात लेखकाने आपल्याला आत घेतलेलं असतं.

हल्ली सल्ला मात्र बरोबर उलटा मिळतो. पहिल्याच वाक्यात धमाका करा म्हणतात. खून पाडा, गाडी दरीत कोसळवा, दारावर थाप पडू दे. लोकांना वेळ नाही, बोट स्क्रीनवरून सरकायच्या आत पकडा. मान्य, पकडलं. पण पकडलेला माणूस राहत नाही हो. रक्ताने माखलेल्या हाताने दार ढकललं जाणाऱ्या इतक्या गोष्टी मी वाचल्यात की आता ते सगळे हात एकाच माणसाचे वाटतात, आणि त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही. घटना विसरायला होतात. एका खुनानंतर दुसरा खून आला की पहिला गेला. भाषेतली ठेच तशी जात नाही.

ऑर्वेलचं घ्या. १९४९ची ती कादंबरी, जिचं नावच एका सालावर आहे, '१९८४'. सुरुवात साधारण अशी: एप्रिलमधला लख्ख, थंड दिवस होता आणि घड्याळं तेराचे ठोके देत होती. एप्रिल ठीक, थंडी ठीक, ऊन ठीक, सगळं कसं शाळेतल्या निबंधासारखं चाललंय, आणि मूळ इंग्रजीत वाक्याचा अगदी शेवटचा शब्द म्हणजे तेरा. बास. कोणी मेलं नाही, कोणी पळालं नाही, एक आकडा फक्त एकने पुढे गेला. आणि तेवढ्यावर आपल्याला कळतं की ह्या जगात काहीतरी कायमचं बिघडलंय आणि तिथल्या लोकांना त्याची सवय झालीये. हुकूमशाहीवर दहा पानं लिहून जे साधलं नसतं ते एका ठोक्यात साधलं, आणि 'ठोक्यात' हा शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही, आपोआप आला, पण आता राहू दे.

आपल्याकडे ह्याच जातीची ओळ म्हणजे मर्ढेकरांची, "पिपात मेले ओल्या उंदिर". शाळेत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. ओल्या पिपात उंदीर मेले, असं असायला हवं ना? पण नाही, 'मेले' मध्येच घुसलाय आणि 'ओल्या' आपल्या पिपापासून तुटून उंदराला जाऊन चिकटलाय. उंदीरच ओले झालेत, पीपही ओलं, वाचणाऱ्याचा हातही ओला झाल्यासारखा वाटतो. शब्द सरळ लावा, बातमी होईल. तशीच ठेवा, अंगावर काटा येतो. मराठीत शब्दांची जागा हलवायला पुष्कळ मोकळीक आहे, विभक्तीमुळे कोण कोणाचा ते बऱ्यापैकी कळतं, पण ही मोकळीक आपण रोजच्या लिहिण्यात वापरतच नाही. कर्ता कर्म क्रियापद, चला पुढे.

आता माझ्या मताला छेद देणारं एक उदाहरण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही, कारण ते जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध पहिल्या ओळींपैकी आहे. काफ्काचं 'मेटामॉर्फोसिस', १९१५. एका सकाळी अस्वस्थ स्वप्नांतून जागा झाल्यावर ग्रेगोर साम्साला दिसलं की बिछान्यात आपलं रूपांतर एका भल्यामोठ्या किड्यात झालंय. इथे तर घटना आहे, आणि केवढी! भाषा मात्र एकदम सरळ, कोणी सरकारी रिपोर्ट लिहावा तशी. मग माझं मत गेलं का? मी ह्यावर बराच विचार केला आणि असं वाटतं की नाही गेलं, कारण इथे वाकडेपणा हा सरळपणातच आहे. माणसाचा किडा झाल्याचं सांगताना कोणीही ओरडेल, तीन उद्गारचिन्हं टाकेल, हा बाबा आवाजसुद्धा चढवत नाही. चेहरा न हलवता सांगितलेला जोक असतो ना, त्यातला हा प्रकार. कोलंबियाचा कादंबरीकार गार्सिया मार्केझ, त्याने एका मुलाखतीत सांगितलंय की ती पहिली ओळ वाचून तो बिछान्यातून खाली पडायच्या बेतात होता, आणि त्याच्या मनात आलं की असं लिहायला परवानगी असते हे मला माहीतच नव्हतं, असती माहिती तर कधीच लिहायला लागलो असतो. परवानगी हा त्यातला मुद्दा मला फार आवडतो. एखादी ओळ दुसऱ्या कोणालातरी परवानगी देते.

आणि मग त्याच मार्केझने १९६७ साली 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'च्या पहिल्या ओळीत काय केलं ते बघा. बऱ्याच वर्षांनी, गोळ्या घालणाऱ्या तुकडीसमोर उभा असताना, कर्नल औरेलियानो बुएंदियाला ती दूरची दुपार आठवणार होती जेव्हा त्याचे वडील त्याला बर्फ बघायला घेऊन गेले होते. ह्या वाक्यात आपण नक्की कधी उभे आहोत? बऱ्याच वर्षांनी, म्हणजे भविष्यात. पण तो 'आठवणार होता', म्हणजे ते भविष्यही होऊन गेलेलं. आणि आठवतंय काय तर त्याच्याही मागचं, लहानपणचं. एका वाक्यात काळाची पार गुंडाळी केलीये आणि आपण मुकाट गुंडाळले जातो, कारण शेवटी हातात येतो बर्फ. बंदुका विसरून आपण विचारतो, बर्फ बघायला? बर्फ काय बघायचा? (पुढचं वाक्य ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी सोडून द्या.) आणि ह्यातली खरी खोडी अशी की कर्नल त्या तुकडीसमोर मरतच नाही. पहिल्याच ओळीत लेखकाने आपल्याला चकवलंय आणि ते कळायला शंभराच्या वर पानं जावी लागतात.

टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'ची पहिली ओळ मात्र मला कधीच एवढी भावली नाही, सांगून टाकते. सगळी सुखी कुटुंबं सारखीच असतात, प्रत्येक दुःखी कुटुंब मात्र आपापल्या परीने दुःखी असतं. छान आहे, गुळगुळीत आहे, फळ्यावर लिहायला बरं आहे. पण एक तर ते खरं नाही, सुखी घरंही चिक्कार वेगवेगळी असतात, आणि दुसरं म्हणजे ह्यात ठेच नाही. ती येते दुसऱ्या वाक्यात, ओब्लोन्स्कींच्या घरात सगळा गोंधळ उडाला होता, तिथे. तिथे आपण घरात शिरतो. पहिली ओळ पायरीवर उभं राहून भाषण देते. लोक मात्र पहिलीच पाठ करतात. जेन ऑस्टिनबाईंनी १८१३ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या पहिल्या ओळीत असंच मोठं जगन्मान्य सत्य सांगायचा आव आणून पुढे काय तर पैसेवाल्या एकट्या पुरुषाला बायको हवीच असणार, असं म्हणून टाचणी लावली होती. ते जास्त बरं. सत्य मोठ्या आवाजात सांगायचं असेल तर सोबत टाचणी ठेवावी.

पहिली ओळ कशी असावी ह्याचे नियम आपल्याकडे फार आधी झाले होते. दंडी ह्या संस्कृत पंडिताने 'काव्यादर्शा'त म्हणून ठेवलंय, "आशीर्नमस्क्रिया वस्तुनिर्देशो वापि तन्मुखम्". म्हणजे महाकाव्याची सुरुवात आशीर्वादाने करा, नमस्काराने करा किंवा सरळ विषयाला हात घाला. तीन दरवाजे. कालिदासाची ती आख्यायिका ऐकलीच असेल, विद्वान होऊन परत आल्यावर बायकोने दाराआडून संस्कृतात विचारलं, "अस्ति कश्चिद् वाग्विशेषः?", बोलण्यात काही विशेष आलंय का आता? आणि ह्याने तिच्या प्रश्नातला एकेक शब्द घेऊन एकेक काव्य सुरू केलं. अस्ति, म्हणून 'कुमारसंभवा'त "अस्त्युत्तरस्यां दिशि". कश्चित्, म्हणून 'मेघदूता'त "कश्चित्कान्ताविरहगुरुणा". वाक्, म्हणून 'रघुवंशा'त "वागर्थाविव सम्पृक्तौ". ही गोष्ट खरी असायची काही गरज नाही. तीन काव्यांच्या पहिल्या शब्दांकडे बघून कोणालातरी हे जोडायचं सुचलं हेच मला कालिदासाच्या तोडीचं वाटतं. आणि 'मेघदूता'ची पहिली ओळ म्हणून दहातले नऊ लोक "आषाढस्य प्रथमदिवसे" म्हणतात, ती दुसऱ्या श्लोकातली आहे. पहिल्यात आहे कश्चित्, कोणी एक. त्या यक्षाला अख्ख्या काव्यात नाव मिळत नाही. कोणी एक म्हणून आला आणि कोणी एक म्हणूनच राहिला.

नमस्काराच्या दारातून आलेल्यांनीही खोड्या केल्याच. ज्ञानेश्वरी १२९० सालची, सुरुवात नमनानेच, "ॐ नमो जी आद्या". इथवर रीतसर. पण पुढच्या काही ओव्यांत गणपतीची मूर्ती बघा कशापासून घडवलीये, तर शब्दांपासून, आणि मग शेवटी ॐ हे अक्षरच फोडलंय, अकार म्हणजे दोन पाय, उकार म्हणजे ते मोठं पोट आणि मकार म्हणजे मस्तक. देवाला वंदन चाललंय आणि त्याच वेळी अक्षरांशी लहान मुलासारखा खेळ. ह्यात त्यांना काही विसंगती वाटली नाही, आपल्यालाच वाटते, कारण आपण कुठेतरी ठरवून टाकलंय की गंभीर लिहायचं म्हणजे भाषेने हाताची घडी घालून बसायचं. मुक्ताबाईंचं "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी" घ्या. त्यावर विद्वानांनी अर्थाचे थर चढवलेत, असतीलही बरोबर, पण आधी ती मुंगी उडते आणि सूर्य गिळते, आणि ऐकणारं पोर खुश होतं. अर्थ मागाहून येतो, आरामात.

पण एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. गोष्टींच्या त्या ठरीव सुरुवाती, त्यांचं काय? आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. ह्यात काय वाकडं आहे? हजार वेळा तेच, तरी कान टवकारतात. मग चिमणी-कावळ्याकडे नीट बघितलं. एक होती चिमणी, एक होता कावळा. चिमणीचं घर होतं मेणाचं, कावळ्याचं घर होतं शेणाचं. झालं, अख्खी गोष्ट संपली! पाऊस यायचाय फक्त. कुणाचं घर वाहून जाणार, कुणाच्या दारावर कोण थाप मारणार, सगळं ह्या दोन ओळींत ठेवलंय आणि ठेवलंय कशावर तर मेण-शेण ह्या यमकावर. एक अक्षर इकडचं तिकडे केलं की एकाचं नशीब फिरतं. आणि लहान मुलं ही गोष्ट शंभराव्यांदा ऐकताना पुढे काय होणार म्हणून ऐकत नाहीत, त्यांना ते यमक परत त्याच जागी लागलेलं हवं असतं, मी एकदा मुद्दाम मातीचं म्हटलं तर माझ्यावर दोन जण ओरडले होते. तर ठरीव सुरुवातीतली गंमत ही. पहिल्यांदा ऐकताना ती ठेचच असणार, मेण? घर? आता इतक्या जणांच्या इतक्या ठेचांनी ती पायरी झालीये.

मुलांवरून आठवलं, अर्थ नसलेल्या भाषेवर जीव टाकायचं वय किती लवकर संपतं. अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं. मडगुलं म्हणजे काय असं आपल्याला आयुष्यात कधी विचारावंसं वाटलं नाही. अडम तडम तडतड बाजा म्हणत राज्य कोणावर हे ठरायचं आणि सगळे निमूट मान्य करायचे, कुठल्या कायद्याला एवढी मान्यता मिळाली असेल? मग ती 'च'ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा, बाजारचं झालं चजारबा. मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायची, मोठ्यांना अर्थात सगळं कळायचं कारण तीही कधीतरी हेच बोललेली, पण त्यांनी न कळल्याचं नाटक करायचं असा अलिखित करार. व्याकरण शिकायच्या आधी मुलं भाषेचे नटबोल्ट खोलून बघतात आणि मग आपण त्यांना सांगतो, नीट बोल.

मोठेपणी हा खेळ पूर्ण बंद होत नाही, चोरून चालू असतो. पुस्तकबिस्तक, लग्नबिग्न, ऑफिसबिफिस. हा 'बि' म्हणजे काय हे कुठल्याही परक्या माणसाला समजावून बघा. त्यात 'आणि तत्सम' तर आहेच, शिवाय थोडं नाक मुरडणंही आहे. "तो प्रेमात पडलाय" आणि "तो प्रेमातबिमात पडलाय" ह्या दोन वाक्यांत बोलणारीचं अख्खं मत बदललंय. आणि बोलताना तर आपण सगळेच पहिल्या ओळींचे उस्ताद असतो. "तुला म्हणून सांगते", "मी काही बोलणार नव्हते, पण", "बघ बाई, मला काय करायचंय". ह्याच्यासमोर काय टिकणार कादंबऱ्या? पण तीच बाई लिहायला बसली की "आजच्या धकाधकीच्या जीवनात" अशी सुरुवात करते. बोलतानाची सगळी मस्ती पेन उचललं की कुठे जाते देव जाणे.

खेळ म्हटलं की लोकांना ते हलकं वाटतं, टाइमपास वाटतं, त्यांच्यासाठी मोरोपंत. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ, आणि रामायणं लिहिली म्हणतात १०८. कोणी म्हणेल एक पुरे होतं. पण प्रत्येक रामायणाला काहीतरी वेगळी अट, आणि त्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लावायचा नाही. प, फ, ब, भ, म ह्यातलं एकही अक्षर नाही. आता ह्यातली गोम लक्षात घ्या, ज्याची कथा सांगायची त्याच्या नावातच म! रामायण सांगायचं आणि राम म्हणायचं नाही.

मी हे सहज म्हणून करून बघायला गेले. "ती रात्री इथेच होती, तरी कळलंच नाही." जमलं. मग पुढचं वाक्य सुरू करायला गेले आणि लक्षात आलं की मी म्हणता येत नाही. आम्ही नाही. आपण नाही. तुम्ही नाही. माझं नाही. ओठ मिटायचे नाहीत ठरल्यावर स्वतःबद्दल काही बोलायची सोयच राहत नाही, उरतात फक्त तू, तो, ती, ते. मला हे इतकं विचित्र आणि इतकं भारी वाटलं की बराच वेळ मी नुसते ओठ उघडे ठेवून पुटपुटत बसले होते, घरातल्यांनी विचारलं दात दुखतोय का.

ही अट मोरोपंतांची स्वतःची नव्हे, जुनी आहे. वर तो नियमवाला दंडी आला ना, त्याच्याच 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त नावाचा एक कुमार आपली हकीकत सांगतो, आणि त्याच्या प्रेयसीने त्याचा ओठ चावून ठेवल्यामुळे बिचाऱ्याला ओठ मिटवता येत नाहीत, म्हणून तो सगळी गोष्ट ओष्ठ्य अक्षरांशिवाय सांगतो. साधारण १३०० वर्षांपूर्वीचा हा उद्योग. नियम सांगणारा माणूसच असला खट्याळ निघावा ह्यात मला काही आश्चर्य वाटत नाही, नियमांशी खरी दोस्ती असणाऱ्यालाच हे सुचतं. आणि कारण तरी काय शोधलंय! अट लेखकाने घातली पण दोष दिला एका चाव्याला.

फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ साली एक पूर्ण कादंबरी 'ई' हे अक्षर न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ते. ऐकायला सर्कस वाटते, आणि मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग कधीतरी त्याच्याबद्दल वाचलं. वडील युद्धात गेले, १९४० मध्ये, हा चार वर्षांचा. आईला १९४३ मध्ये आउशवित्झला नेलं, ती परत आली नाही. आणि फ्रेंचमध्ये ते एक अक्षर काढून टाकलं की आई लिहिता येत नाही, वडील लिहिता येत नाही, कुटुंब लिहिता येत नाही, त्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही. आणि कादंबरीचं नाव काय, तर नाहीसं होणं. मी आता ह्यावर काही भाष्य करत नाही. फक्त एवढंच की शब्दांचा खेळ म्हणजे हलकं काम असं कोणी म्हटलं की मला हे पुस्तक आठवतं.

असो. जड झालं. पहिल्या ओळीचं खरं यश कशात मोजावं ह्याचं माझं एक साधं माप आहे, तिची टर उडवता येते का? ज्या ओळीचं विडंबन होऊ शकत नाही ती कोणाला माहीतच नसते. केशवसुतांनी लिहिलं, "आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके देवाचे". ऐट बघा. आणि १९२५ला 'झेंडूची फुले'त अत्र्यांनी तीच ओळ अर्ध्यापर्यंत जशीच्या तशी नेली आणि पुढे सोडलं, "'आम्ही कोण?' म्हणूनि काय पुससी दाताड वेंगाडुनी?" शार्दूलविक्रीडित दोन्हीकडे अगदी तंतोतंत, एक मात्रा इकडे तिकडे नाही, आणि ते महाभव्य वृत्त अचानक दात काढून हसायला लागतं. मूळ कवितेची ह्यात काही हानी झाली असं मला वाटत नाही. उलट शाळेत आम्हाला केशवसुत पाठ झाले ते अत्र्यांमुळे, कारण एक म्हणायला लागलं की दुसरं तोंडात यायचं आणि मग परीक्षेत कुठलं लिहायचं ह्यावर सगळं लक्ष लागायचं.

टर उडवण्यातला शेवटचा शब्द मात्र इंग्रजांच्या बुल्वर-लिटनसाहेबांवर खर्च झालाय. १८३०ची त्यांची कादंबरी सुरू होते, ती एक काळोखी आणि वादळी रात्र होती, आणि मग पाऊस, मध्येच वारा, त्यात कंसात लंडन, दिव्यांच्या ज्योती, एकच वाक्य चाललंय चाललंय थांबतच नाही. स्नूपी नावाचा तो कार्टूनमधला कुत्रा घराच्या छपरावर टाइपरायटर घेऊन बसतो तेव्हा प्रत्येक वेळी हीच ओळ बडवत असतो. आणि १९८२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत ह्या गृहस्थांच्या नावाने स्पर्धाच सुरू झाली, जगातल्या सगळ्यात वाईट कादंबरीचं फक्त पहिलं वाक्य लिहून पाठवा. फक्त पहिलं वाक्य, पुढची कादंबरी लिहायची सक्ती नाही, ही केवढी सभ्यता! आणि दुर्दैव बघा, तलवारीपेक्षा लेखणी श्रेष्ठ हे जगभर पाठ असलेलं वाक्यही ह्याच माणसाचं, एका नाटकातलं. ते लिहिलं कोणी हे कोणालाच माहीत नाही, आणि वादळी रात्र मात्र नावावर पक्की.

वाईट ओळ मुद्दाम लिहिणं हे चांगली लिहिण्यापेक्षा फार सोपं असेल असं वाटतं, तर तसं नाहीये. नुसती वाईट ओळ कंटाळवाणी होते. ती आत्मविश्वासाने वाईट असावी लागते, तिला आपण किती सुंदर आहोत ह्याची खात्री असावी लागते, आणि ठेच जिथे लागायला नको तिथेच, दोन-तीनदा, लागावी लागते. मी मराठीत एक करून ठेवलीये:

"ती एक काळीकुट्ट, अंधारी आणि शिवाय लाइट गेलेली रात्र होती, आणि आकाशात विजा अशा कडाडत होत्या की जणू ढगांनी आपापसातलं एखादं जुनं भांडण उकरून काढलं असावं, पण नक्की कुठलं ते खालून ऐकू येत नव्हतं, आणि त्याच क्षणी, म्हणजे अगदी त्याच क्षणी नव्हे पण साधारण त्याच सुमारास, सुलोचनेने आपल्या हरिणीसारख्या, मासोळीसारख्या आणि नुकत्याच बदललेल्या चष्म्यामुळे थोड्या मोठ्या दिसणाऱ्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळू दिला, जो पुढे एकशे चाळिसाव्या पानावर महत्त्वाचा ठरणार होता."

एकशे चाळिसाव्या पानावर काय होतं हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही. चष्मा फुटणार एवढं नक्की.